मान दुखते, हातोडी गुडघ्यावर

“मान दुखून रायली जी माही, अन् तुमी गुडघ्याले कायले ठोकता?”

वर्धा जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यांच्या ओपीडीत हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की शिकाऊ डॉक्टरांना आता त्याचं हसूही येत नाही. मान धरून आलेला माणूस स्टुलावर बसलेला असतो. धोतर नाहीतर पॅन्ट गुडघ्याच्या वर सारलेली, पाय लोंबते. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली बोटानं काहीतरी चाचपतात आणि तिथं एक टोला देतात. पाय आपसूक उडतो. बरोबर आलेली बायको पदराआड हसते, पोरगं मोबाइल काढतं. ज्याचा पाय उडाला तो मात्र चपापतो. आपण पाय हलवलेला नाही, हे तिथं फक्त त्यालाच पक्कं ठाऊक असतं.

टोला देणारी ती ही हातोडी. दिसायला अगदी साधी. लांब, किंचित लवचीक दांडी, एका टोकाला चकती आणि चकतीच्या कडेनं रबर. दांडीचं दुसरं टोक निमुळतं, आणि त्याचंही काम आहे. ते पुढे येईलच. खिळा ठोकायला ती निरुपयोगी. स्टेथोस्कोपच्या मानानं कितीतरी स्वस्त, त्यामुळे तिची चोरी होत नाही. ‘जरा दे रे’ म्हणून कुणी तरी नेतो आणि ती परत येत नाही. स्टेथोस्कोप गळ्यात मिरवतो, सिनेमातही त्यालाच जागा. ही ॲप्रनच्या खिशात उलटी कोंबलेली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत खादी घालण्याची रीत आहे. तिथं जाड खादीवर ॲप्रन आणि त्याच्या खिशातून डोकावणारी तिची काळी चकती असा थाट असतो. ही संस्था डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारानं उभी केली. नव्यानं आलेल्या मुलांना आधी आश्रमात राहून सूतकताई आणि सफाई करावी लागते. हातोडी भेटते ती नंतर, शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत, आणि तिथं ही मुलं एकमेकांचेच गुडघे ठोकून घेतात.

तिचं घराणं मात्र मोठं आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा, लिओपोल्ड आउएनब्रुगर, बापाला पिंपं ठोकून दारू किती उरली ते ओळखताना बघत वाढला. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यानं माणसाची छाती तशीच ठोकून पाहिली आणि १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढच्या शतकात छाती ठोकायच्या हातोड्या निघाल्या. मग १८७५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोघांनी, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, गुडघ्याच्या खाली टोला दिला की पाय उडतो हे छापलं. गंमत म्हणजे त्याचं कारण काय यावर दोघांचं जमलं नाही. एर्ब म्हणाला, ही मज्जारज्जूतून फिरून येणारी प्रतिक्रिया आहे; वेस्टफालला ते पटेना, तो स्नायूलाच श्रेय देत होता. एर्ब बरोबर ठरला. छातीची हातोडी गुडघ्यावर आली ती अशी. १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन मॅडिसन टेलर यांनी खास याच कामासाठी तिकोनी रबराची हातोडी काढली. ती आखूड बहीण अजूनही अनेक डॉक्टरांच्या टेबलावर असते. आपली लांब दांडीची, गोल चकतीची हातोडी मात्र लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयाची लेक. तिथल्या विंटल नावाच्या परिचारिका काड्यांना चकत्या बसवून असल्या हातोड्या स्वतः बनवत आणि शिकाऊ डॉक्टरांना विकत. डॉक्टरांचं नाव लागलेल्या एवढ्या हातोड्यांत मला या बाईंचं कसब सगळ्यांत आवडतं.

आता तिच्या स्वभावाकडे. तिला दुखण्यात रस नाही. किती दुखतं, रात्री झोप लागते का, तेल कोणतं लावलं, यातलं काही ती विचारत नाही. तिचा प्रश्न एकच: वरून खाली निरोप नीट जातो का? मानेत सात मणके. जिराफाच्याही मानेत सातच. आपल्या या मणक्यांच्या पोकळीतून मेंदूची तार पाठीत उतरते. बोटाएवढ्या जाडीच्या या मज्जारज्जूतून हातापायांचा, लघवीचा, संडासचा सगळा कारभार चालतो. मानेतल्या मणक्यांच्या फटींतून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडून खांद्याकडे, हाताकडे जातात. टोला पडला की स्नायू ओढला जाणं हे खालच्या खाली ठरतं, त्यासाठी मेंदूला विचारावं लागत नाही. पण मेंदूनं त्यावर कासरा धरलेला असतो. बैल चालतो तो स्वतःच्या पायांनी, उधळत नाही तो कासऱ्यामुळे. मानेत रज्जू दाबला गेला की कासरा ढिला पडतो आणि गुडघा नको तेवढा उडतो. म्हणून मान दुखणाऱ्याच्या गुडघ्यावर टोला.

मज्जातंतूची फांदी दबली आणि मूळ तार दबली, यातला फरक तिला चांगला कळतो. फांदी दबली तर त्या फांदीचा स्नायू गप्प बसतो. कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवून त्यावर मारलेला टोला पाचव्या-सहाव्या मज्जातंतूला हाक देतो; कोपराच्या मागचा टोला सातव्याला. सहावा दबलेला असेल तर पहिली हाक वाया जाते. मूळ तारच दबली असेल तर तिथं शांतता आणि त्याच्या खाली सगळीकडे धिंगाणा: कोपराची मागची बाजू उडते, गुडघा उडतो, पाऊल वर ढकलून धरलं तर थडथड थांबत नाही. वर सामसूम आणि खाली उधळण असं दिसलं की अनुभवी डॉक्टरचा चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा नातेवाईकांच्या आधी शिकाऊ पोरांना दिसतो.

समजा, पन्नाशीतला एक शेतकरी आहे. घरची पाच-सहा एकर, पऱ्हाटी आणि तूर. तक्रार एकच, मान अवघडते. बाकी सगळं ‘बरं हाय जी’. डॉक्टर सदरा काढायला सांगतात. पहिलं बटण निघतं, दुसऱ्याशी बोटं घुटमळतात, तिसऱ्याला बायको हात लावते. ही तिची रोजची सवय आहे हे उघड दिसतं. मग डॉक्टर म्हणतात, मूठ उघडा-मिटा, जितकी भराभर जमेल तितकी. दहा सेकंदांत वीस वेळा तरी व्हायला हवी. याची बारा-तेरा होते, बोटं अर्धवट उघडतात. आता बायको बोलते. “चप्पल पायातून निसटते अन् यायले पत्ताच नसते. धुऱ्यावरून चालताना दारू पेल्यावानी करते, अन् पेत तर नायी.” नवऱ्यानं हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या हिशेबी हे वयाचं होतं, दुखण्याचं नव्हतं. दुखत होती ती मान.

मग हातोडी आपलं काम करते, आणि शेवटी उलटी होते. निमुळत्या टोकानं तळव्याच्या बाहेरच्या कडेनं टाचेकडून वर हळूच ओरखडा काढतात. निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारी वाट बिघडली असेल तर तो वर उठतो. जोझेफ बाबिन्स्कीनं पॅरिसमध्ये १८९६ साली अवघ्या काही ओळींच्या टिपणात हे सांगितलं. एवढ्याशा टिपणावर इतकी वर्षं टिकलेली कीर्ती मला वैद्यकात दुसरी ठाऊक नाही. पण बाबिन्स्कीच्या पॅरिसमधल्या तळव्यांना वर्ध्याच्या काळ्या मातीचा अनुभव नसावा. अनवाणी चाललेला, भेगा पडलेला, जाड झालेला तळवा निमुळत्या टोकाला दाद देत नाही. मग पावलाच्या बाजूच्या मऊ कातडीवरून ओरखडा काढून पाहावा लागतो.

तिचे दोषही सांगायला हवेत. ती धरणाऱ्या हातावर फार अवलंबून. मनगट ढिलं ठेवून दांडीला तिच्या वजनानं पडू द्यावं लागतं; सुतारासारखं हाणलं तर माणूस दचकतो आणि उत्तर खोटं येतं. परीक्षेच्या काळजीनं आलेल्या वीस वर्षांच्या पोराचे गुडघेही जोरात उडतात, म्हणून त्याचा मज्जारज्जू दबलेला नसतो. जुना मधुमेह असलेल्याच्या घोट्याला ती कितीही हाका मारो, बरेचदा ओ येत नाही. म्हणून ती एकट्या टोल्यावर विश्वास ठेवत नाही; उजवं-डावं, वर-खाली असं ताडून बघते. काही गुडघे लाजरे असतात. अशांना डॉक्टर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात आणि लक्ष तिकडे गेलं की टोला देतात. हंगेरीच्या येंड्रासिकची ही युक्ती अशा वेळी बहुधा लागू पडते.

तिचे दोन प्रतिस्पर्धी. पहिला मानेचा पट्टा. स्पंजाचा, कातडी रंगाचा, मागून चिकटणारा. हा फार लोकप्रिय. एकानं विकत घ्यावा आणि अर्ध्या मोहल्ल्यानं वापरावा. काकांचा पट्टा भाच्याला, भाच्याचा शेजारच्या मास्तरांना. तो गळ्यात असला की आजाराला मान्यता मिळते, घरचे पाण्याचा गुंड उचलू देत नाहीत. साध्या अवघडलेल्या मानेला दोनचार दिवस त्यानं बरं वाटतही असेल. पण महिनोन्महिने घातला तर मानेचे स्नायू आळसावतात. आणि त्याचा खरा अपराध वेगळाच आहे: तो दुखणं गप्प करतो आणि बाकी काही पाहत नाही. आत रज्जू दाबला जात असला तरी त्याचं समाधान ढळत नाही. दुसरा प्रतिस्पर्धी एमआरआय. हा महाग आणि खरोखर गुणी. सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी तोच अखेर दाखवतो की तार कुठं, कशानं दबली: सरकलेली चकती, वाढलेलं हाड, क्षयाचा पू, गाठ. फक्त त्याला तारतम्य नाही. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा फोटो काढा, काहीतरी झिजलेलं दिसतंच. त्यातल्या कित्येकांची मान आयुष्यात दुखलेली नसते. ‘मणक्यात गॅप आला’ हे वाक्य घरी घेऊन गेलेली माणसं मग वाकायलाही भितात. हातोडीच्या साक्षीशिवाय त्या फोटोचा अर्थ लावू नये, असं जुने डॉक्टर म्हणतात ते याचसाठी.

बहुतेक दुखऱ्या मानांना यातलं काहीच लागत नाही, हेही सांगून टाकावं. रात्रभर वाकडी झोप, दिवसभर मोबाइल, फवारणीचा पंप, वेचणीची जड ओटी यांनी अवघडलेली मान शेक, साधी गोळी आणि थोडं हलतं-फिरतं राहणं यांवर काही आठवड्यांत सुटते. हातात चमक उतरली तरी बहुतेकांची दोनतीन महिन्यांत ओसरते. तिथं हातोडीनं ‘सगळं ठीक’ म्हटलं की पुरे. पण त्याच हाताची ताकद उतरू लागली, हातातला पेला सुटू लागला, चालीत झोक जाऊ लागला, मान वाकवली की पाठीतून विजेचा झटका खाली उतरू लागला, लघवी अडू किंवा सुटू लागली, की मग दुखणं कमी असो, नसो, तिच्यासमोर जाऊन बसायला हवं. लघवीची गोष्ट तर त्याच दिवशीची.

या जिल्ह्यात तिला एक जुनी सोबतीण आहे: कापसाची वात. मज्जातंतू तपासताना स्पर्श कळतो का हे कापसाच्या टोकानं पाहतात, आणि कापूस वर्ध्याला कुठून आणावा लागत नाही. बोटं बधिर झाली, मुंग्या येतात म्हटलं की आजकाल सगळे मानेकडे बोट दाखवतात. पण हा जिल्हा कुष्ठसेवेचाही आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला काम सुरू केलं, कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी सेवाग्रामात स्वतः केली, आणि १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यातूनच काम करतं आहे. कुष्ठरोगात बिघाड मानेत नसतो. कोपरापाशी मज्जातंतू दोरीसारखा जाड लागतो, करंगळी बधिरते आणि कातडीवर एखादा फिकट, बिनसंवेदनेचा चट्टा असतो. अशा वेळी हातोडी टोला देते तर बहुधा सगळं नेहमीसारखंच उडतं. ती हरते, कापूस जिंकतो. या हरण्याचाही उपयोग होतो: मानेचा एमआरआय वाचतो आणि गोळ्या सुरू होतात.

आणि असेही प्रसंग, जिथं तिला खिशातून काढण्यात वेळ घालवू नये. ताप, ओकारी, डोकं ठणकतंय आणि हनुवटी छातीला टेकत नाही: मेंदूच्या आवरणाची सूज, तडक दवाखाना. मानेतलं दुखणं छातीत, जबड्यात, डाव्या हातात आणि अंगाला दरदरून घाम: हृदय बघा. दाढी झाल्यावर फुकटात ‘मान मोडून’ घेतली आणि नंतर मानेत नवंच दुखणं, चक्कर, बोबडी, तोंड वाकडं: मानेतली रक्तवाहिनी फाटली असू शकते. चिंचेवरून, बैलगाडीवरून, मोटरसायकलवरून पडलेला माणूस ‘मान दुखते’ म्हणाला, तर त्याला बगलेत हात घालून उभं करणाऱ्या धडधाकट मदतनिसांना आधी आवरा. डोकं-धड एका रेषेत, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार, आणि १०८ला फोन. त्या दहा मिनिटांत पाय जागेवर असतात की जातात, हे ठरू शकतं.

विदर्भातलं आणखी एक, जे शहरी पुस्तकांत तळटीपेत असतं. मान दुखत नाही, उचलतच नाही. फवारणीचं विष अंगात गेलेला माणूस पहिल्या दिवशी उपचारानं सावरतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि एक ते चार दिवसांत कधीतरी त्याला उशीवरून डोकं वर उचलता येत नाही. यानंतर श्वासाचे स्नायू थकायची पाळी असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, तेव्हापासून इकडे हे जरा जास्त लक्षात ठेवलं जातं. वॉर्डातली शहाणी सिस्टर येताजाता अशा रोग्याला म्हणते, “बाबाजी, डोकं उचला बरं.” तेवढीच तपासणी, त्याला कुठलं अवजार लागत नाही. मण्यारीचंही असंच. रात्री खाली झोपलेल्याला ती चावते, खूण धड दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या पडतात, मग मान पडते. मांत्रिकाकडे नेण्याएवढा वेळ तिथं नसतो.

पुन्हा आपल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याकडे. हातोडीनं सांगितलं, फोटोनं दुजोरा दिला, शस्त्रक्रिया ठरली. आता घासाघीस सुरू होते. “वेचणी होऊ द्या जी, मंग येतो.” बोंडं फुटलेली, मजूर मिळत नाहीत, भाव आज आहे उद्या नाही, त्याचं म्हणणं खोटं नाही. पण दबलेला रज्जू वेचणीचा हंगाम पाळत नाही. शस्त्रक्रिया मुख्यतः पुढची घसरण थांबवते. गेलेलं किती परत येईल याची हमी कुणी प्रामाणिक सर्जन देत नाही. जितका उशीर, तितकं कमी परत येतं. म्हणून डॉक्टर बायकोशी बोलतात, पोराशी बोलतात, कधी सरपंचालाही फोन लावतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या भेटीत तो पुन्हा स्टुलावर बसतो. बटणं बरीचशी स्वतःची स्वतः लागतात, चालताना झोक कमी झालेला. हातोडी पडते आणि गुडघा पहिल्यासारखाच उडतो. तो घाबरतो; डॉक्टर सांगतात की ही उडी राहील, वर्षानुवर्षं राहील, तिच्यामागे लागू नका, बटणं आणि पायऱ्या बघा. केसपेपरवर हातोडीचे गुण अधिकच्या चिन्हांत लिहितात: दोन अधिक म्हणजे नेहमीचं, तीन म्हणजे जास्त उडतं, चार म्हणजे थडथड, शून्य म्हणजे गप्प. बापाच्या कागदावर दोन्ही गुडघ्यांपुढे तीन-तीन अधिक बघून नववीतलं पोरगं खूश झालेलं असतं. पेपरात असे अधिक मिळाले तर गुरुजी पाठ थोपटतात. डॉक्टर त्याला समजावतात की इथं दोनच बरे. तो विचार करून म्हणतो, “मंग एक खोडून टाका न जी.”